दुरुस्तीची मर्यादा

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत जीं उदाहरणें घेतलीं जातात तीं बहुधा मोठ्या प्रसंगांचीं असतात. बुडत्या जहाजावरील शेवटचें अन्न कोणीं खावें, खोटें बोलून मित्राचा प्राण वांचवावा कीं सत्य बोलून तो घालवावा, अशा प्रश्नांवर पानेंच्या पानें लिहिलेलीं आढळतात. आणि वर्गांत तीं शिकवितांना आपण कांहीं गहन विषय हाताळीत आहों असें समाधान आम्हांसही आजवर वाटत आलें आहे. परंतु सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत जहाज क्वचितच बुडतें. त्याच्यापुढें येणारे प्रश्न गळक्या छपराचे, थकलेल्या नोकराचे आणि बिघडलेल्या यंत्राचे असतात. हे प्रश्न केवळ सोयीचे व खर्चाचे आहेत असें समजून तो ते उरकून टाकतो. गेल्या उन्हाळ्यांत असाच एक प्रश्न आमच्याकडे आला, आणि तो उरकून टाकण्याच्या नादांत आपण काय काय करावयास निघालों होतों हें ध्यानांत आल्यामुळें त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

आम्ही छत्रपती संभाजीनगरांत अध्यापन करतों. आमची थोडी वडिलोपार्जित जमीन गंगापूर तालुक्यांत आहे. आमच्या वडिलांनीं १९८९ सालीं बैलांच्या दोन जोड्या विकून व वर कर्ज काढून एक ट्रॅक्टर घेतला. तीन सिलिंडरांचा, पस्तीस अश्वशक्तीचा. आम्ही त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत होतों आणि आमच्या पुढील शिक्षणाची फी त्याच ट्रॅक्टरनें दुसऱ्यांच्या शेतांत केलेल्या नांगरटींतून आली, हें सांगण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. वडील गेले, शेती आतां आमचे पुतणे पाहतात, ट्रॅक्टर मात्र तोच आहे, आणि गेलीं वीस वर्षें त्यावर बसणारा ड्रायव्हरही तोच आहे.

हा ट्रॅक्टर आतां ऑईल पिऊं लागला होता. दहा तास चालला कीं एक लिटर ऑईल कमी होई आणि नांगर जमिनींत उतरला कीं मागें निळसर धुराचा पट्टा उठे. ज्यांनीं इंजिनें पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं धुराचा रंग ही त्या यंत्राची भाषा असते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त व हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेलें डिझेल, किंवा आंत शिरलेलें पाणी. आणि निळा म्हणजे वंगणाचें तेल जेथें जाऊं नये तेथें जाऊन जळत आहे. मृगाला महिना उरला होता. काय करावें?

मतें चार पडलीं. पुतण्यांचें म्हणणें असें कीं ह्या लोखंडावर आतां पैसा घालूं नये. जाडें ऑईल भरावें, म्हणजे चार दिवस धूर दबतो, आणि तेवढ्यांत गिऱ्हाईक पाहून तो विकून टाकावा. घरांतील वडीलधाऱ्यांचें मत असें कीं जसें चाललें आहे तसें चालूं द्यावें. ऑईल कमी झालें कीं ओतावें. शेजारच्या वस्तीवरील एका अनुभवी शेतकऱ्यानें सुचविलें कीं सगळें इंजिन करण्याच्या भानगडींत न पडतां फक्त रिंगा बदलाव्या. फार खर्चही नाहीं आणि कांहींच केलें नाहीं असेंही नाहीं. चौथें मत आमचें स्वतःचें होतें, आणि तें सर्वांत कमी ज्ञानावर आधारलेलें असल्यामुळें सर्वांत ठाम होतें: वडिलांची वस्तु आहे, तेव्हां खर्चाकडे न पाहतां आंतील सर्वच नवें घालावें.

पुतण्यांनीं शहराच्या कडेला जुन्या ट्रॅक्टरांचें काम करणाऱ्या एका मिस्त्रींस बोलावून आणलें. आमचीं चारही मतें त्यांनीं ऐकून घेतलीं आणि ते म्हणाले, “सर, खोलायच्या आधी बाहेरून बघू. एकदा खोललं की खर्च मागं फिरत नाही.”

ह्या एका वाक्यांत आमच्या मतें विचाराचा पहिला धर्म आला आहे. आम्हीं चौघांनीं उपायाविषयीं वाद घातला होता; रोग कोणता हें कोणासही निश्चित ठाऊक नव्हतें. तेल जळण्याचीं कारणें अनेक असतात, आणि त्यांपैकीं कांहीं इतकीं क्षुल्लक असतात कीं त्यांसाठीं इंजिन उघडणें म्हणजे चष्मा पुसावयाचा सोडून डोळ्याची शस्त्रक्रिया करणें होय. जुन्या ट्रॅक्टरांत आंत जाणारी हवा तेलाच्या वाटींतून गाळली जाते. ती वाटी खुणेच्या वर भरली तर इंजिन हवेबरोबर तेंच तेल ओढून घेतें आणि निळा धूर सोडतें. इंजिनाच्या तळांतील वाफा बाहेर जाण्याची नळी तुंबली तरी आंत दाब वाढून तेल वर चढतें. खुद्द ऑईलच खुणेपेक्षां जास्त भरलें तरी हेंच होतें. मिस्त्रींनीं हीं तिन्ही स्थळें पाहिलीं. तेथें दोष नव्हता. मग त्यांनीं रात्रभर थंड राहिलेलें इंजिन पहाटे सुरू करून पाहिलें. चालू होतांच निळ्या धुराचा एक लोट येऊन धूर थांबला तर व्हॉल्व्हच्या दांड्यांभोंवतीं तेल झिरपतें असें मानावें. भार पडतांच धूर वाढत गेला तर दोष पिस्टनाकडे आहे असें मानावें. येथें थोडें पहिलें आणि पुष्कळ दुसरें असें आढळलें.

शेवटीं दाबाची तपासणी झाली. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्यानें दाबली गेलेली हवा इतकी तापते कीं तींत उडालेलें इंधन आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल ह्यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचें मर्म हेंच होतें. म्हणून अशा यंत्राचें आरोग्य म्हणजे त्याची दाब धरून ठेवण्याची शक्ति. मिस्त्रींनीं एकेका सिलिंडरावर मापक बसवून दाब पाहिला, नंतर आंत अगदीं थोडें ऑईल सोडून पुन्हा पाहिला. ऑईलनें फट तात्पुरती बुजून दाब वाढला, तर गळती रिंगांच्या बाजूनें आहे. न वाढला, तर ती व्हॉल्व्हांकडे आहे. दोन सिलिंडरांत दाब स्पष्टपणें वाढला. निदान झालें: रिंगा आणि लायनर झिजले होते.

परंतु ते कां झिजले? हा प्रश्न आम्हांपैकीं कोणास सुचला नव्हता. मिस्त्री हवा गाळणाऱ्या डब्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीवरून बोटें फिरवीत गेले आणि पट्ट्याच्या मागें, सहज न दिसणाऱ्या जागीं, थांबले. नळी तेथें चिरली होती, आणि त्या चिरेवर सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळलेली होती. वैशाखांत काळ्या रानांत वखर चालतो तेव्हां ट्रॅक्टरभोंवतीं धुळीचा जो लोट असतो, तो ह्या चिरेतून न गाळतां आंत जात होता. आणि तेलांत मिसळलेली धूळ म्हणजे कानसच. पट्टी कोणीं बांधली असें विचारतां ड्रायव्हर पुढें आला. म्हणाला, “मीच बांधली सर. तीन सालांपासून सांगतोय पाईप बदला म्हणून. दिवाळीला तुम्ही आलते, तुम्हाला पण बोललो होतो.”

तो बोलला होता, हें आम्हांस त्याच क्षणीं आठवलें. आम्हीं “पाहूं” असें म्हटलें होतें आणि पाहिलें नव्हतें. सांगणारा ड्रायव्हर होता, म्हणून. दुसरें कोणतेंही कारण आम्हांस प्रामाणिकपणें देतां येत नाहीं. हीच गोष्ट एखाद्या कोट घातलेल्या अभियंत्यानें सांगितली असती तर आम्हीं त्याच संध्याकाळीं नळी आणविली असती. जी वस्तु एका दुपारच्या मजुरींत आली असती तिच्या अभावीं तीन सिलिंडर झिजले. ज्ञान हें सांगणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नसतें असें आम्ही वर्गांत सांगतों. त्या दिवशीं आम्ही गोठ्याच्या सावलींत खालीं मान घालून उभे होतों.

आतां त्या चार मतांकडे वळूं. कारण रोग कळल्यावर त्यांचें स्वरूप पालटलें.

“चाललें आहे तसें चालूं द्या” हें मत वरवर पाहतां निरुपद्रवी दिसतें. त्यांत कोणावर अन्याय होतो असें वाटत नाहीं. नुकसान झालें तर आपल्या खिशाचें. परंतु जळलेलें तेल नाहींसें होत नाहीं, तें धूर होऊन कोणाच्या तरी छातींत जातें. कर्करोगाच्या संशोधनासाठीं असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१२ सालीं डिझेल इंजिनाचा धूर हा माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला. डिझेलचें कोणतेंही इंजिन धुराशिवाय चालत नाहीं हें खरें; परंतु टाळतां येण्याजोगा धूर वाढवीत राहणें वेगळें. वर्षाला पांचशें तास तो ट्रॅक्टर चालतो असें धरलें तर पन्नास लिटर ऑईल जाळलें जातें. त्याची किंमत आम्ही देतों, पण त्याचा धूर ड्रायव्हर घेतो आणि मागें सरी सोडणाऱ्या बाया घेतात. ज्या काटकसरीचा खर्च दुसरा सोसतो तिला काटकसर म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग आहे.

पुतण्यांच्या मताचा विचार अधिक काळजीनें केला पाहिजे, कारण व्यवहारांत तेंच बहुमान्य आहे. जाडें ऑईल भरून धूर दाबणें म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हें तर खरेंच. पण येथें पखालीला औषध देण्याचा हेतु रेडा विकण्याचा होता. आम्हीं हरकत घेतली तेव्हां ते म्हणाले, “काका, बाजारात असंच चालतं. घेणारा काही आंधळा नसतो. त्यानं बघून घ्यावं.”

हा वाद नवा नाहीं. रोमन तत्त्ववेत्ता सिसेरो ह्यानें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तोच मांडला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडलेला असतांना एक प्रामाणिक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलेलें आहे. तें ऱ्होड्सवासीयांस सांगावें कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? डायोजेनिस नांवाचा पंडित म्हणतो, कायद्यानें सांगावयास लावलेले दोष सांगितले म्हणजे पुरे. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसांनीं एकमेकांच्या हिताकडे पाहणें हा त्यांच्या एकत्र राहण्याचाच अर्थ आहे. सिसेरो निर्णय देतो तो मार्मिक आहे: प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे, परंतु जें कळल्यानें दुसऱ्याचें हित आहे तें आपल्या लाभासाठीं त्यास कळूं न देण्याची इच्छा धरणें ही लपवणूक होय, आणि भला मनुष्य ती करीत नाहीं.

आमच्या पुतण्यांची योजना तर मौनाच्याही पलीकडे जात होती. ट्रॅक्टर धूर सोडीत उभा ठेवून “पाहून घ्या” म्हणणें ही एक गोष्ट. धूर दाबून मग “पाहून घ्या” म्हणणें ही दुसरी. पहिल्या रीतींत घेणाऱ्याच्या डोळ्यांवर भरंवसा आहे, दुसऱ्या रीतींत त्या डोळ्यांत माती टाकलेली आहे. नीतीचें सोडा, १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या सतराव्या कलमांतही जाणूनबुजून केलेली सक्रिय लपवणूक कपटांतच गणली आहे. आणि जुना ट्रॅक्टर घेणारा असतो तरी कोण? ज्यास नवा परवडत नाहीं तो. म्हणजे १९८९ सालचे आमचे वडीलच, असें आम्हीं पुतण्यांस सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. दोष सांगून, पडेल त्या किमतीस विकण्याचा मार्ग अर्थातच मोकळा होता, आणि तो मार्ग अनीतीचा नव्हता, हें मात्र आम्हांस मान्य केलें पाहिजे.

तिसरें मत रिंगांचें. मध्यम मार्ग म्हणून तें सर्वांस लगेच आवडलें होतें. परंतु दोन टोंकांच्या मधोमध उभें राहणें म्हणजे मध्यम मार्ग, ही समजूत चुकीची आहे. ॲरिस्टॉटल ह्यानें एक सोपें उदाहरण दिलें आहे: दहा माप अन्न फार झालें आणि दोन माप थोडें झालें, म्हणून तालीम देणारा सर्वांनाच सहा माप देत नाहीं; मिलो पहिलवानास तें कमी पडेल, नवशिक्यास जास्त होईल. योग्य तें माप प्रसंगाच्या मानानें ठरतें, अंकगणितानें नव्हे. इंजिनांतही हेंच. लायनर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. वरची रिंग जेथें परत फिरते तेथें तो सर्वांत जास्त झिजतो आणि त्याच्या वर न झिजलेल्या भागाची एक कडा उरते. अशा लायनरांत नवी रिंग घातली तर ती त्या कडेवर आदळून तुटूं शकते. आणि न तुटली तरी वर रुंद व खालीं अरुंद झालेल्या नळकांड्यांत ती नीट बसत नाहीं. लायनर शाबूत असता आणि रिंगा नुसत्या काजळीनें अडकल्या असत्या, तर रिंगांचेंच काम पूर्ण काम ठरलें असतें. येथें तें अर्धें ठरून एकदोन हंगामांत पुन्हा सर्व उघडण्याची पाळी आली असती. निर्णयाचा भार टाळण्यासाठीं मधलें स्थान पत्करावें, आणि त्यास विवेक म्हणावें, ही संवय आम्हां शिकलेल्या लोकांत फार आहे.

उरलें आमचें मत, सर्वच नवें घालण्याचें. त्याचा उगम पितृभक्तींत होता, निदान आम्हांस तसें वाटत होतें. इंजिन उतरवून उघडल्यावर मिस्त्रींनीं प्रत्येक भाग धुऊन, मापून, एका गोणपाटावर मांडला. लायनरांची झीज त्यांनीं आमच्या बोटांस लावून दाखविली. वरची ती कडा नखाला अडकत होती. व्हॉल्व्हच्या गाईड सैल झाल्या होत्या. क्रँक मात्र त्यांनीं चार ठिकाणीं फिरवून फिरवून मापला आणि बाजूला ठेवला. आम्हीं म्हटलें, एवढें उघडलें आहे तर क्रँकही घांसून घ्यावा आणि बेअरिंगें नवीं घालावीं. पैशाचा प्रश्न नाहीं. ते म्हणाले, “क्रँक चांगला आहे सर. हात लावू नका. घासला तर मला काम मिळंल, पण त्याचं एक आयुष्य कमी होईल.”

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा: क्रँक घांसतांना त्याचें पोलाद कापलें जातें आणि मग त्या लहान मापाचीं बेअरिंगें घालावीं लागतात. अशीं मापें ठराविक तीनचारच असतात. तीं संपलीं कीं क्रँक टाकावा लागतो. गरज नसतां घांसणें म्हणजे पुढें येणाऱ्या खऱ्या गरजेची शिल्लक आज खर्च करणें. उलट लायनर हा ठोकळ्यापासून वेगळा काढतां यावा अशीच त्याची योजना असते. झीज त्यानें सोसावी आणि ठोकळा शाबूत राहावा, असा विचार हें इंजिन बनविणारानें आधींच करून ठेविला होता.

अति दुरुस्तीनें होणाऱ्या हानीचें एक मोठें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें अजिंठ्याचीं भित्तिचित्रें वांचविण्यासाठीं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व ऑर्सिनी ह्या दोन तज्ज्ञांस आणविलें. सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं जागच्या जागीं बसविला, आणि तें काम उपकारक झालें. परंतु चित्रांवर त्यांनीं लाखेच्या रोगणाचा जो लेप दिला, तो काळानें पिवळा व काळपट होत गेला, त्याखालीं रंग झांकोळले, आणि पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस तो लेप हळूहळू काढण्यांत कित्येक वर्षें घालवावीं लागलीं. त्या दोघांचा हेतु शुद्ध होता व त्या काळच्या मानानें विद्याही उत्तम होती. अपुरी होती ती एक शंका: उद्यां ह्याहून चांगला उपाय निघाला तर आमचें काम त्यास काढून टाकतां येईल काय? ज्या दुरुस्तीनें पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची वाट बंद होते ती, कितीही प्रेमानें केलेली असो, संशयास्पद मानली पाहिजे.

अर्थात् चित्र आणि ट्रॅक्टर ह्यांत भेद आहे. चित्रांतील एक डोळा पुसला गेला तर तेथें नवा रंगविणें हें चित्राशीं खोटें बोलणें होईल. ट्रॅक्टरांत नवा पिस्टन घालणें हें खोटें नव्हे, कारण ट्रॅक्टर पाहण्यासाठीं नसून नांगरण्यासाठीं आहे. आमच्या शहरांतील पाणचक्कीवर आतां कोणी दळण घेऊन येत नाहीं. लोक ती पाहण्यास येतात, म्हणून तिचें जतन एका नियमानें करावयाचें. जें यंत्र अजून पोट भरतें त्याचें जतन दुसऱ्या नियमानें. “सर्वच नवें घाला” असें म्हणतांना आम्हीं हे दोन नियम एकांत मिसळले होते: यंत्रास आम्ही स्मारक समजत होतों आणि स्मारकास पैसे देऊन नवें करूं पाहत होतों.

येथें घरांतून एक शंका निघाली, आणि ती विनोदानें काढलेली असली तरी विनोदी नव्हती. तीन लायनर, तीन पिस्टन, सर्व रिंगा, गाईड, मागेंच बदललेलीं चाकें, दोनदां बदललेला रेडिएटर, इतकें झाल्यावर हा दादांचाच ट्रॅक्टर राहिला काय? अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज एकेक फळी बदलून टिकविलें आणि तत्त्ववेत्त्यांस वादाला विषय दिला, ही ग्रीक कथा प्रसिद्ध आहे. परंतु ह्या प्रश्नासाठीं ग्रीसला जाण्याचें कारण नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं आमच्या शहरांत महाविद्यालय काढलें. आज तें ज्या मिलिंद राजाच्या नांवानें ओळखलें जातें, तोच राजा पाली ग्रंथांत भिक्षु नागसेनास प्रश्न विचारतो. आणि त्या परिसरास नागसेनवन म्हणतात. नागसेन राजाला विचारतो, तूं रथांतून आलास. मग आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं, दोर, चाबूक म्हणजे रथ काय? प्रत्येकास राजा नाहीं म्हणतो, आणि शेवटीं त्यास कबूल करावें लागतें कीं ह्या सर्वांच्या आश्रयानें “रथ” हें नांव व्यवहारांत चालतें, एवढेंच.

हें ऐकून कोणास वाटेल कीं मग वडिलांच्या ट्रॅक्टरांत उरलें काय? आम्हांस उलट वाटतें. जें लोखंडांत कधींच नव्हतें तें लोखंड बदलल्यानें जात नाहीं. वडिलांनीं शेजाऱ्याचें रान आधीं नांगरून मग आपलें नांगरावें, हंगामांत पैसे नसलेल्यास सुगीपर्यंत थांबावें, रोज सकाळीं ऑईलची काडी पुसून पाहावी, हा जो व्यवहार त्यांनीं त्या ट्रॅक्टरभोंवतीं उभा केला होता तो टिकला तर ट्रॅक्टर त्यांचा राहिला. न टिकला तर मूळचा प्रत्येक खिळा जागेवर असूनही तो आमचा झाला, आणि आमचा म्हणजे चिरलेल्या नळीचा. कृतज्ञता दाखवावयाची ती सकाळच्या त्या काडीनें दाखवावी. क्रँक घांसून ती दाखवितां येत नाहीं.

शेवटीं निर्णय झाला तो झिजेच्या मापानें झाला. लायनर, पिस्टन व रिंगा तिन्ही सिलिंडरांत नव्या, गाईड नव्या, क्रँक जसाचा तसा, आणि सर्वांच्या आधीं ती रबरी नळी. खर्च आला तो ट्रॅक्टरच्या बाजारभावाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका. मिस्त्रींविषयीं येथें एक शब्द लिहिणें अवश्य आहे. इंजिन उघडलेलें असतांना ते जें सांगतील तें आम्हीं मानलें असतें. आमच्या पदव्यांपैकीं एकही त्या गोणपाटावर उपयोगी पडली नसती. ज्या ठिकाणीं एकास सर्व कळतें आणि दुसऱ्यास कांहींच कळत नाहीं, त्या ठिकाणीं करार, पावती, कायदा हीं सर्व दाराबाहेर राहतात. आंत फक्त जाणणाऱ्याची सचोटी असते. वैद्य, वकील आणि शिक्षक हे तिघे ह्याच सचोटीवर जगतात. विद्यार्थ्यास जें ठाऊक नाहीं त्याचा फायदा घेऊन आम्हीं किती वेळां अनावश्यक तें शिकविलें असेल, हा विचार त्या दिवसापासून आम्हांस सोडीत नाहीं.

नव्या लायनरांवर इंजिन बसण्यास वेळ लागतो. तें नुसतें उभें ठेवून फिरविलें तर रिंगा नीट घांसून बसत नाहींत आणि लायनर आरशासारखे गुळगुळीत होतात. एकदम जड काम दिलें तर तीं फार तापतात. म्हणून पहिल्या दिवसांत बेताचें काम दिलें आणि ऑईल लवकर बदललें. मृग लागण्यापूर्वीं पाळ्या झाल्या. पहाटे चालू करतांना अजून क्वचित् किंचित् निळी झांक दिसते; मिस्त्री म्हणतात, जुनें आहे, तेवढें असूं द्या.

पुतण्यांचें मत बदललें आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. दोष सांगून विकला असता तरी हिशेब फायद्याचा झाला असता असें ते अजूनही म्हणतात, आणि केवळ अंकांनीं त्यांचें खंडन करणें आम्हांस साधलेलें नाहीं. नव्या नळ्या मात्र त्यांनीं दोन आणल्या. एक बसविली, दुसरी गोठ्याच्या खुंटीला टांगली आहे. आम्ही गांवीं गेलों कीं आतां आधीं ड्रायव्हरला विचारतों, कसें काय चाललें आहे. तो एकदम बोलत नाहीं. आमच्या तोंडाकडे पाहतो, थोडा थांबतो, आणि मग बेताबेतानें सांगूं लागतो. वीस वर्षांत त्यास हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता. त्याच्या त्या थांबण्याचा दोष आमच्याकडे आहे, आणि तो दूर होण्यास इंजिनापेक्षां अधिक वेळ लागेल असें दिसतें.